जंगलातली सुरी : एका जुन्या वादाचा आढावा

जिचे पाते मुठीत दुमडत नाही ती स्थिर पात्याची सुरी. पाते आणि मूठ यांच्यामध्ये बिजागरी नसते, खटका नसतो. त्यामुळे जोर लावल्यावर निखळण्याची किंवा चिखल-वाळूने अडकून बसण्याची भीती राहत नाही. रानात मुक्काम करणारे लोक घडीच्या चाकूपेक्षा तिला पसंती देतात ते मुख्यतः या कारणाने, आणि इथपर्यंत फारसे दुमत नाही. दुमत आहे ते पुढच्या प्रश्नांवर. पाते किती लांब आणि किती जाड असावे, धारेचा उतार कसा असावा, पोलाद गंजणारे घ्यावे की न गंजणारे, आणि एकाच सुरीवर सगळी भिस्त ठेवावी की सोबत कोयत्यासारखे जड हत्यार असावे, यांवर सव्वाशेहून अधिक वर्षे लिहिले जात आहे आणि आजही एकमत नाही.

या वादात दोन वेगळ्या गरजा बऱ्याचदा एकत्र कालवल्या जातात. बुशक्राफ्ट म्हणजे जंगलातलेच साहित्य वापरून निवारा, आग, पाणी, दोर, भांडी यांची सोय करण्याची विद्या. ती शिकणारा माणूस ठरवून जातो, त्याच्याकडे वेळ असतो आणि लाकडी चमचा कोरण्यात त्याला आनंद असतो. सर्व्हायव्हल म्हणजे अपघाताने अडकल्यावर सुटका होईपर्यंत तग धरणे. तिथे हात थरथरत असतात, कदाचित एक हात निकामी झालेला असतो, आणि कमरेला जे असेल तेवढ्यावरच भागवावे लागते. पहिल्या माणसाला नाजूक काम करणारे पाते हवे असते, दुसऱ्याला न मोडणारे. पुष्कळसे मतभेद ही गल्लत लक्षात घेतली की सौम्य होतात. पण सगळे नाही.

पूर्वपीठिका

या विषयावरचे इंग्रजी लेखन अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या जंगलांत सुरू झाले. 'नेसमुक' या टोपणनावाने लिहिणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स यांचे 'वुडक्राफ्ट' १८८४ मध्ये निघाले. हलके सामान घेऊन फिरणे हा त्यांचा आग्रह होता आणि हत्यारांचा संच तीन नगांचा: छोटी दोन तोंडांची कुऱ्हाड, पातळ पात्याची म्यानातली सुरी आणि खिशातला घडीचा चाकू. ग्रंथपालाची नोकरी सोडून डोंगराळ भागात जाऊन राहिलेल्या होरेस केफर्ट यांनी १९०६ मधल्या आपल्या ग्रंथात हीच दिशा पुढे नेली. दुकानांतल्या जाडजूड, लढाऊ दिसणाऱ्या शिकारी सुऱ्या त्यांना निरुपयोगी वाटत. साधे, मध्यम लांबीचे, भाकरी कापता येईल आणि लाकूडही तासता येईल असे पाते त्यांनी पसंत केले. 'केफर्ट' या नावाने त्या घाटाच्या सुऱ्या आजही बनतात.

स्वीडनमध्ये याच काळात दुसरी परंपरा आकार घेत होती. दालार्ना प्रांतातल्या मोरा गावी फ्रॉस्ट-एरिक एर्सन यांनी १८९१ मध्ये कारखाना काढला. पुढे त्या गावातले कारखाने एकत्र आले आणि आज 'मोराक्निव्ह' हे नाव जगभर माहीत आहे. सुतार, लाकूडतोडे, कोळी यांनी रोज वापरायची स्वस्त सुरी ही तिची मूळ ओळख. फिनलंडचा 'पुक्को' याच कुळातला.

दुसऱ्या महायुद्धाने चित्र पालटले. अमेरिकन मरीन सैनिकांसाठी १९४२ मध्ये स्वीकारलेली आणि पुढे 'का-बार' नावाने प्रसिद्ध झालेली सुरी सात इंची पात्याची होती. झुंजीसाठी आणि छावणीच्या कामासाठी एकच हत्यार असावे हा तिच्यामागचा विचार. विमान पडल्यावर वैमानिकाच्या कामी याव्यात म्हणून पाठीवर करवतीचे दात असलेल्या छोट्या सुऱ्या त्यानंतरच्या दशकांत आल्या. मग १९८२ मध्ये 'फर्स्ट ब्लड' हा चित्रपट आला. जिमी लाइल यांनी त्यासाठी घडवलेल्या पोकळ मुठीच्या सुरीने एका पिढीची कल्पनाशक्ती व्यापली आणि बाजार तिच्या नकलांनी भरून गेला. मुठीत गळ, आगकाड्या आणि झाकणात होकायंत्र असलेल्या त्या स्वस्त नकला पहिल्या जोरातच मुठीपाशी तुटत.

त्या लाटेला उत्तर म्हणून आजची विचारसरणी घडली. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातले शिक्षक मोर्स कोचान्स्की यांचे 'नॉर्दर्न बुशक्राफ्ट' १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. सामान्य कामासाठी तळहाताच्या रुंदीइतके पाते पुरते, असे त्यांनी सांगितले. त्याच वेळी सुरी इतकी मजबूत हवी, की झाडात काही सेंटीमीटर रोवून मुठीवर उभे राहिले तरी तिने माणसाचे वजन पेलावे, अशी कसोटीही त्यांनीच दिली. ब्रिटनमध्ये रे मिअर्स यांनी अॅलन वूड या कारागिराबरोबर 'वुडलोअर' सुरी आखली: सुमारे ११ सेंटीमीटर पाते, ४ मिलिमीटर जाडी, ओ-१ जातीचे कार्बन पोलाद, एकसलग उताराची धार. पुढच्या तीस वर्षांत निघालेल्या बहुसंख्य 'बुशक्राफ्ट' सुऱ्यांवर तिची छाप दिसते.

उष्ण प्रदेशांची परंपरा यापेक्षा कितीतरी जुनी आणि कितीतरी अधिक माणसांच्या हातातली आहे. मलय प्रदेशाचा पारांग, जावाचा गोलोक, फिलिपीन्सचा बोलो, नेपाळची खुकरी, नागा टेकड्यांचा दाओ, केरळची वाक्कत्ती, महाराष्ट्र-गोव्याचा कोयता, ही सगळी जड, पुढे वजन असलेली, तोडणारी हत्यारे. लॅटिन अमेरिकेत हेच काम माशेते करते. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातली कॉलिन्स कंपनी १८२६ पासून धारदार हत्यारे बनवत होती आणि तिचे माशेते दक्षिणेकडच्या मळ्यांत सर्वत्र पोहोचले. पण पारांग किंवा कोयता वापरणाऱ्यांनी त्यावर पुस्तके लिहिली नाहीत. लेखन झाले ते भूर्ज, पाइन आणि स्प्रूसच्या थंड जंगलांत. 'जंगलातली सुरी कशी असावी' याची आज छापील उत्तरे जिथून येतात ते जंगल आणि पावसाळी उष्णकटिबंधीय जंगल एक नव्हे, हे या क्षेत्राच्या मूल्यमापनात सतत ध्यानात ठेवावे लागते.

लांबी आणि जाडी

लांबीबाबत तीन भूमिका दिसतात. पहिली उत्तरेची: १० ते १२ सेंटीमीटरचे पाते सुरीला, आणि तोडण्यासाठी वेगळी कुऱ्हाड. छोट्या पात्यावर बोटांचा ताबा राहतो, टोक कुठे आहे ते न पाहता कळते, सापळ्याचा खटका कोरणे, मासा साफ करणे, साल सोलणे ही कामे सफाईने होतात. दुसरी भूमिका लष्करी वळणाची: संकटात कुऱ्हाड सोबत असेलच असे नाही, म्हणून कमरेच्या एकाच सुरीला तोडता, फोडता, खणता आले पाहिजे, पाते १५ ते १८ सेंटीमीटर हवे. हिचे समर्थक मान्य करतात की अशी सुरी कुठलेच काम उत्तम करत नाही, पण प्रत्येक काम थोडेफार करते आणि अडचणीच्या वेळी तेच पुरते.

तिसरी भूमिका उष्ण जंगलात काम केलेल्यांची. तिथे वेली, काटेरी जाळ्या, बांबू, ओलसर झुडपे यांतून वाट काढायची असते. लांब पात्याचे जड हत्यार हेच मुख्य, आणि छोटी सुरी त्याची मदतनीस. पेरूच्या अॅमेझॉन भागात जंगलप्रशिक्षण देणाऱ्या अमेरिकन प्रशिक्षकांनी पुढे 'ईसी' या नावाने सुऱ्या काढल्या, तरी जंगलात माशेतेच पहिले असे तेही शिकवत आले. या तीन भूमिकांपैकी सह्याद्रीला लागू पडणारी तिसरी आहे, यात फार शंका घ्यायला जागा नाही. कारवीच्या रानात किंवा करवंदीच्या जाळीत दहा सेंटीमीटरचे पाते हाताला ओरखडे सोडून काही देत नाही.

जाडीचा वाद अधिक तांत्रिक आहे. पट्टीचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. मोराची साधी 'कम्पॅनियन' सुरी २.५ मिलिमीटर जाड असते. 'वुडलोअर' ४ मिलिमीटर. फरक दीड मिलिमीटरचा दिसतो, पण पात्याचा ताठपणा जवळजवळ चौपट होतो. का-बार कंपनीच्या 'बीके-२' या सुरीची जाडी तर सव्वासहा मिलिमीटरच्या वर जाते. अशा पात्याने ओंडका फुटतो, तरफ मारता येते. मात्र तीच सुरी बटाटा कापताना त्याचे दोन तुकडे फोडल्यासारखे करते, कारण धारेमागचा भाग पाचरीसारखा रुंद होत गेलेला असतो. लाकूड तासतानाही ती पाचर आत शिरायला नको म्हणते आणि मनगट दुखते. मधला मार्ग म्हणून ३ ते ४ मिलिमीटरवर बऱ्याच लोकांचे समाधान झालेले दिसते. स्वीडिश हवाई दलाच्या वैमानिकांसाठी १९९५ पासून दिल्या गेलेल्या फॉल्कनिवेन 'एफ-१' या सुरीचे पाते मात्र ९७ मिलिमीटर लांब आणि तब्बल ४.५ मिलिमीटर जाड आहे. ती संकटकाळाची सुरी असल्याने लांबीत तडजोड आणि जाडीत नाही, असा तिचा हिशेब.

धारेचा उतार आणि लाकडाची जात

पात्याच्या बाजूंपासून धारेपर्यंत पोलाद कसे उतरत जाते, यावर कापण्याची गुणवत्ता पोलादाच्या जातीपेक्षाही अधिक अवलंबून असते. धातुशास्त्रज्ञ लॅरिन थॉमस यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'नाइफ इंजिनिअरिंग' या ग्रंथात हे चाचण्यांच्या आधारे मांडले आहे: कोन कमी केला की कापण्याची क्षमता आणि तिचा टिकाऊपणा ठळकपणे वाढतो, महाग पोलाद घेऊन कोन बोथट ठेवला तर पैसे वाया जातात.

स्कँडिनेव्हियन उतारात पाते पाठीपासून बऱ्याच खाली सपाट येते आणि मग एकाच रुंद उताराने थेट धारेत संपते. दोन्ही बाजूंचा मिळून कोन साधारण २३ ते २७ अंश. ही धार नवख्यालाही लावता येते, कारण तो रुंद उतार निसण्यावर सपाट टेकवला की कोन आपोआप सांभाळला जातो. लाकडावर ती रंध्यासारखी चालते. ओल्या दिवसांत आग पेटवण्याची उत्तरेकडची रीत या धारेभोवतीच उभी आहे. मनगटाएवढा वाळका दांडका उभा फोडायचा, आतले कोरडे लाकूड अंगठ्याएवढे घ्यायचे, ते जमिनीवर टेकवून सुरी वरून खाली सरकवायची, पण ढलपी सुटण्याआधी थांबायचे. पुन्हा पुन्हा तसेच केले की काडीच्या टोकाशी कुरळ्या पातळ ढलप्यांचा झुपका तयार होतो आणि एका ठिणगीनंतर वाढवलेल्या ज्योतीवर तो धडाडून पेटतो. बोथट किंवा जाड धारेने ढलप्या तुटून पडतात, झुपका होतच नाही.

अडचण कठीण लाकडात येते. पाइन आणि भूर्ज तुलनेने मऊ; खैर, अंजन, ऐन कठीण. वाळक्या खैराच्या गाठीवर किंवा बांबूच्या पेरावर जोर लावला की ही बारीक धार दुमडते, क्वचित तिचा तुकडा उडतो. बांबूच्या बाहेरच्या सालीत सिलिका असते आणि ती धार झपाट्याने खाते. म्हणून आग्नेय आशियातल्या पारांग आणि गोलोकला फुगीर, गोलसर उताराची धार देतात: तिच्यामागे पोलाद भरपूर असते आणि घाव लाकडात रुतून बसत नाही. नागा दाओला तर बहुधा एकाच बाजूने उतार असतो. बुरूड कारागीर बांबू चिरताना पहिला घाव घालून फट पाडतो आणि पुढे पाते फक्त पाचरीसारखे सरकवत नेतो. तंतूंच्या दिशेने बांबू स्वतःच फाटत जातो. तिथे धारेच्या नाजूकपणापेक्षा पात्याचे वजन आणि हाताची दिशा कामाला येते. स्कँडिनेव्हियन धारेचे पुरस्कर्ते यावर अगदी टोकाशी एक सूक्ष्म दुसरा उतार देण्याचा उपाय सुचवतात. तो चालतो, पण मग निसण्यावर सपाट टेकवण्याची सोय अर्धी जाते.

पोलाद

कार्बन पोलाद की स्टेनलेस, हा सर्वांत भावनिक वाद. कार्बन पोलादाचे समर्थक तीन गोष्टी सांगतात: ते चिवट असते, निसण्यावर लवकर धार घेते, आणि गारगोटीवर घासले तर ठिणग्या देते. १०९५ या पोलादात कार्बन सुमारे ०.९५ टक्के, ओ-१ मध्ये साधारण ०.९. स्टेनलेसचे समर्थक गंजाकडे बोट दाखवतात. १२सी२७ या स्वीडिश पोलादात क्रोमियम साडेतेरा टक्के असते, व्हीजी-१० या जपानी पोलादात सुमारे पंधरा.

अलीकडच्या वर्षांत या वादात खरोखर नवी माहिती आली आहे. थॉमस यांनी वेगवेगळ्या पोलादांच्या नमुन्यांवर एकाच पद्धतीने आघात-चाचण्या केल्या. त्यांत एईबी-एल आणि १४सी२८एन ही साधी स्टेनलेस पोलादे अनेक कार्बन पोलादांच्या तोडीची चिवट निघाली, आणि १०९५ हे तर अपेक्षेपेक्षा ठिसूळ. 'स्टेनलेस म्हणजे ठिसूळ' ही जुनी समजूत त्यामुळे सरसकट टिकत नाही. स्प्रिंगसाठीचे ५१६० पोलाद मात्र चिवटपणात वरच्या रांगेत राहिले. गाडीच्या जुन्या पाट्यांचे पोलाद बहुधा याच धर्तीचे असते. नेपाळातले कामी लोहार खुकरीसाठी आणि महाराष्ट्रातले लोहार-घिसाडी कोयत्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या ट्रकचे पाटे वापरत आले, ती निवड प्रयोगशाळेने उशिरा का होईना योग्य ठरवली.

तरीही पोलादाचे नाव अर्धीच गोष्ट सांगते. उरलेली गोष्ट पाणी देण्यात आहे. पाते भट्टीत नारिंगी होईपर्यंत तापवून तेलात किंवा पाण्यात बुडवले की ते काचेसारखे कठीण आणि तेवढेच ठिसूळ होते. मग ते घासून उजळवतात आणि पुन्हा मंद तापवतात; पृष्ठभागावर आधी गवती पिवळा रंग येतो (साधारण २३० अंश सेल्सिअस), मग तपकिरी, जांभळा, आणि तीनशेच्या आसपास निळा. पिवळ्यावर थांबले तर धार टिकते, निळ्याकडे गेले तर चिवटपणा येतो पण धार लवकर बसते. कुशल लोहार धार पिवळी आणि पाठ निळी ठेवतो. डोळ्यांनी ओळखायचा हा काही सेकंदांचा खेळ आहे. त्यात चूक झाली तर उत्तम पोलादाचा कोयताही पहिल्याच हंगामात खवले सोडतो. कारखान्यातली सुरी इथे पुढे असते, कारण तापमान यंत्राच्या ताब्यात असते आणि प्रत्येक नग सारखा निघतो.

गंजाचा मुद्दा कोकणात आणि घाटमाथ्यावर पुस्तकी राहत नाही. आंबोलीत वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अशा हवेत कार्बन पोलादाचे पाते रात्रभर चामड्याच्या म्यानात राहिले की सकाळी तांबूस डाग दिसतात, कारण चामडे ओल धरून ठेवते, शिवाय बुरशी येते ती वेगळीच. रोज पुसून तेलाचा हात फिरवणाऱ्याला हे अडत नाही. जो तसे करणार नाही त्याने स्टेनलेस घ्यावे, हे उत्तर आता कार्बन पोलादाचे चाहतेही देतात. ठिणग्यांचा मुद्दाही मागे पडला आहे: गारगोटीसाठी कार्बन पोलाद लागते हे खरे, पण आज बहुतेक जण ठिणग्या देणारी फेरोसेरियमची काडी वापरतात आणि तिला सुरीची काटकोनी, कडक पाठ पुरते, पोलाद कुठलेही चालते.

मूठ आणि टँग

पात्याचे जे पोलाद मुठीत जाते तो टँग; तो किती मोठा, यावर मजबुती ठरते. मुठीच्या पूर्ण रुंदी-लांबीचे पोलाद असेल तर तो 'फुल टँग'. मूठ फुटली तरी पोलादावर दोरी गुंडाळून काम चालते. संकटाच्या सुरीसाठी जवळजवळ सगळे हाच सल्ला देतात. पण अरुंद किंवा अर्ध्या टँगच्या मोरा सुऱ्यांनी दशकानुदशके स्वीडनमध्ये रोजचे काम केले आहे, त्यामुळे 'फुल टँग नसेल तर ती सुरीच नव्हे' हा आग्रह अतिरेकी म्हणावा लागेल. मोरानेही पुढे 'गार्बर्ग' ही फुल टँगची सुरी काढली ती या मागणीमुळेच. मुठीचा आकार साधा, बोटांच्या खाचा नसलेला असावा याबाबत अनुभवी लोक सहमत आहेत: खाचा एकाच पकडीला सोयीच्या असतात, बाकी पकडींत त्या फोड आणतात.

मोगरीने ठोकावे की नाही

सुरी लाकडावर आडवी ठेवून तिच्या पाठीवर दांडक्याने ठोकायचे आणि लाकूड उभे फोडायचे, या तंत्रावर जेवढी भांडणे होतात तेवढी क्वचितच कशावर होत असतील. विरोधकांचे म्हणणे, की हा सुरीचा दुरुपयोग आहे. गाठीत अडकले की पाते वाकते किंवा मोडते, आणि ज्याच्याजवळ एकच हत्यार आहे त्याने ते मोडण्याचा धोका घेऊ नये. शिवाय बारीक फांद्या मोडूनही आग पेटते. समर्थक म्हणतात, की सतत पावसात बाहेरचे सगळे लाकूड भिजलेले असते, कोरडे लाकूड जाड दांडक्याच्या गाभ्यातच मिळते, आणि मोगरीने नियंत्रित ठोकणे हे निसटत्या हाताने कुऱ्हाड चालवण्यापेक्षा सुरक्षित आहे.

दोन्ही बाजू आपापल्या परिस्थितीत बरोबर आहेत. मतभेद खरा उरतो तो एवढाच: सुरी या कामासाठी जाड घडवावी का? जाड घडवली की ती बाकीच्या सगळ्या कामांत मंद होते. हा प्रश्न कोयता सोबत असलेल्या माणसापुढे उभाच राहत नाही.

तगून राहण्यात सुरीचा वाटा

डेव्ह कँटरबरी यांच्यासारखे प्रशिक्षक जवळ बाळगायच्या पाच गोष्टी सांगतात: कापायचे साधन, आडोसा, आग, भांडे आणि दोर, त्यांत पहिला मान सुरीचा, कारण बाकीच्या गोष्टी तिने बनवता येतात. कोडी लंडिन यांनी २००३ मधल्या आपल्या पुस्तकात भर दिला तो शरीराचे तापमान राखण्यावर. थंडी, उष्णता आणि पाण्याची कमतरता माणसाला आधी मारते, हत्यार नसणे नव्हे. ते स्वतः गळ्यात साधी, स्वस्त मोरा अडकवत.

निदान एक प्रत्यक्ष घटना दुसऱ्या मताकडे झुकते. २४ डिसेंबर १९७१ रोजी पेरूच्या जंगलावर विमान कोसळले. सतरा वर्षांची जुलियाने कोप्के आसनासह खाली पडून वाचली आणि अकरा दिवस चालत माणसांपर्यंत पोहोचली. तिच्याकडे सुरी नव्हती, मिठाईची पिशवी होती. आणि जीवशास्त्रज्ञ आई-वडिलांबरोबर त्याच जंगलात राहिल्यामुळे ओहोळ धरून खाली गेले की वस्ती लागते, हे तिला ठाऊक होते. एका घटनेवरून नियम बांधता येत नाही, पण सुरीला सर्वस्व मानणाऱ्या लेखनाने अशा घटना विचारात घ्यायला हव्यात.

सुरीचे अपायही आहेत. मांडीच्या आतल्या बाजूला मोठी रोहिणी असते. बसून, मांडीवर लाकूड धरून तासताना पाते निसटले तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. म्हणून बहुतेक प्रशिक्षणवर्ग पहिल्या तासाला बसण्याची पद्धत शिकवतात: कोपरे गुडघ्यांच्या पुढे, पाते शरीरापासून दूर. आणि सापाने दंश केल्यावर जखम सुरीने चिरण्याचा जुना उपाय आता पूर्णपणे टाकून द्यावा, असे जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट सांगतात. ग्रामीण महाराष्ट्रात ही चूक अजून होते. चिरण्याने विष निघत नाही, रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग मात्र वाढतो.

कायद्याची चौकट

परदेशी पुस्तके वाचून सुरी घेणाऱ्याला भारतीय कायदा वेगळा आहे हे अनेकदा उशिरा कळते. शस्त्र अधिनियम १९५९ खालच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची धारदार शस्त्रे एका वर्गात घातली आहेत. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय व औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळली आहेत. कोयता शेतीचे अवजार म्हणून सुटतो, पण हेतू आणि जागा पाहिली जाते. पुण्यासारख्या शहरात कोयत्याने झालेल्या हल्ल्यांनंतर पिशवीत कोयता घेऊन बसने निघालेल्या ट्रेकरकडे पोलिसांनी संशयाने पाहिले तर त्यात नवल नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली वेळोवेळी निघणाऱ्या मनाई आदेशांतही सुऱ्यांचा समावेश असतो.

जंगलाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२. त्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत सुरीचा उल्लेख आहे. कलम ३१ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जाता येत नाही, आणि कलम ३० नुसार अभयारण्याला धोका होईल अशा रीतीने तिथे आग पेटवता येत नाही. हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, कोयना, चांदोली, राधानगरी ही सगळी ठिकाणे अभयारण्यांत किंवा व्याघ्र प्रकल्पात मोडतात. म्हणजे बुशक्राफ्टची बहुतेक तंत्रे सह्याद्रीच्या सर्वांत परिचित वाटांवर बेकायदा आहेत. खासगी माळरानावर किंवा स्वतःच्या शेताच्या बांधावर ती शिकण्याला अडचण नाही, आणि नवख्यासाठी तेच बरे.

अनिर्णित प्रश्न

काही प्रश्न मिटत आले आहेत. पोलादाच्या जातीपेक्षा धारेचा कोन आणि पाणी देण्याची कुशलता अधिक मोलाची, स्टेनलेस ठिसूळच असते असे नाही, आणि उष्ण जंगलात जड हत्यार मुख्य, या तीन गोष्टींवर जाणकारांचे मत जुळू लागले आहे. लांबी-जाडीचा वाद मिटणार नाही, कारण तो गरजेचा वाद आहे.

खरी पोकळी पुराव्यात आहे. धारेच्या टिकाऊपणाची प्रमाणित चाचणी शेफील्डच्या 'कॅट्रा' संस्थेच्या यंत्रावर होते आणि तिच्यात वाळूमिश्रित कागद कापला जातो. कागदावरचा निकाल खैराच्या गाठीला किंवा बांबूच्या सालीला कितपत लागू होतो, हा प्रश्न उघडाच आहे. कोयत्याच्या बाबतीत तर सुरुवातच व्हायची आहे. कुठला लोहार कोणता पाटा वापरतो, धार किती कठीण ठेवतो, पाठ किती, बांबूच्या पट्ट्यातल्या आणि नारळाच्या पट्ट्यातल्या कोयत्यांत फरक काय, हे ज्ञान हातात आहे, कागदावर नाही. आणि ज्यांच्या हातात आहे त्यांची मुले भट्टी सोडून दुसरीकडे कामाला जात आहेत. कठीणपणा मोजण्याचे रॉकवेल यंत्र राज्यातल्या बहुतेक यंत्र-अभियांत्रिकी विभागांत असते. सिंधुदुर्ग, रायगड, पुणे, गडचिरोली इथल्या लोहारांकडून कोयते जमवून त्यांची धार आणि पाठ मोजावी, लोहाराचे म्हणणे त्याच्याच शब्दांत टिपून ठेवावे. एका वर्षाच्या विद्यार्थी-प्रकल्पात बसणारे हे काम आहे आणि ते करण्याची वेळ आत्ताच आहे.